काफिला आमचाच होता : देखाव्यातल्या टोळीबद्दल मंडळाला खुलं पत्र

मंडळाचे अध्यक्ष, उत्सव समिती आणि स्टेजसाठी रात्र रात्र राबलेल्या सगळ्या पोरांनो,

जय सेवालाल, नमस्कार.

मंडळाचं नाव मी या पत्रात लिहीत नाहीये, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही आणि तुमच्यातल्या अर्ध्या पोरांना मी लहानपणापासून ओळखतो. ज्यांनी देखावा केला त्यांना पहिल्या चार ओळीतच कळेल की हे पत्र आपल्याला आहे. बाकीच्या सोलापूरकरांनी पण वाचावं म्हणून खुलं लिहितोय, कारण देखावा बघायला पण सगळं सोलापूरच आलं होतं.

गेल्या गणपतीतला तुमचा सजीव देखावा. दरोडेखोरांचा सरदार आणि त्याची टोळी व्यापाऱ्यांच्या काफिल्यावर हल्ला करते तो. मी तो दोनदा बघितला, एकदा पाचव्या दिवशी घरच्यांना घेऊन आणि नंतर एकटा, परत नीट बघायचं म्हणून. आधी हे सांगतो की कष्टाला तोड नव्हती. थर्माकोलचे दगड इतके खरे वाटत होते की माझ्या पोराने हात लावून बघायचा हट्ट केला, डाव्या बाजूने दोन छकडे येतात, त्यात पगडीवाले शेठ, मागं ओझ्याखाली वाकलेले नोकर, मग एकदम साउंड बंद, फक्त रातकिडे, आणि लाल लाईट पडला की दगडाआड दबा धरून बसलेली टोळी उठते आणि मागनं सरदार घोड्यावर. घोडा लग्नाच्या वरातीचा होता हे सगळ्यांना दिसत होतं पण त्या पोराने त्याच्यावर बसून जी एन्ट्री मारली ना, लय भारी. छकड्यावरनं छकड्यावर उडी, तोंडात सुरा, शेठच्या गळ्यातली माळ हिसकून पब्लिककडे भिरकावणं आणि ते हसणं. शिट्ट्या थांबत नव्हत्या. त्या पोराचं मला मनापासून कौतुक आहे, त्याच्यात अभिनय आहे, त्याला माझा निरोप द्या.

आता मूळ मुद्दा. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे, वीस वर्षं झाली, कापड हातात न घेता लांबनं सांगू शकतो की ते काय आहे. तुमच्या टोळीच्या अंगावर जी जाकिटं होती त्यातली चार-पाच बाजारातली होती, मशीनची लेस आणि प्लास्टिकच्या टिकल्या. पण सरदाराच्या मागं उभ्या असलेल्या दोघांची जाकिटं तशी नव्हती. त्यातल्या एका जाकिटाच्या पाठीवर आरशांची ओळ तिरकी गेली होती आणि खाली एकदम तुटली होती, कारण ते कापड मूळचं जाकिटाचं नव्हतंच. ते फेटियाचं होतं. फेटिया म्हणजे आमच्या, लमाण म्हणा की बंजारा म्हणा, बायकांचा घागरा. हाताने भरलेला, प्रत्येक आरशाभोवती बारीक टाका, कडेला कवड्या. घेराचं कापड उभं कापून त्याची जाकिटं बेतली होती. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेतात तसं कुठल्या तरी तांड्यावरच्या म्हातारीने ते दिलं असणार, आणि फिरत फिरत ते ड्रेपरीवाल्याकडे आलं असणार. असा एक फेटिया भरायला किती महिने जातात ते मी घरात बघितलंय. कुणीतरी आपल्या लग्नासाठी भरलेला फेटिया कापून त्याचा दरोडेखोराचा ड्रेस केला होता.

आणि तुम्ही त्यांना बोलायला लावलं ते पण आमच्यासारखं. आमची गोरबोली नव्हतीच ती, नुसते हेल होते, पण हेल कुणाचे ते सोलापुरात कुणाला कळत नाही का? व्हॉइस ओव्हरमध्ये तुम्ही म्हणालात पेंढारी. अंगावर कपडे लमाणांचे, तोंडात बोली लमाणांची, आणि नाव पेंढारी.

माझी याडी, म्हणजे आई, त्या दिवशी आमच्यासोबत होती. तिचं वय सत्तरच्या पुढं आहे आणि ती अजून फेटिया-कांचळीच घालते, म्हणजे घागरा-चोळी, साडी तिला जमत नाही. शो संपला, लाईट लागले, गर्दी वळली आणि पहिली नजर तिच्यावर. मागनं एक पोरगा म्हणाला, "हे बघ बे, टोळीतली एक इकडं पण हाय." हसले चार-पाच जण. पोरांचं सोडा, पोरं आहेत. पण शेजारी एक ताई उभ्या होत्या, चांगल्या घरच्या, त्यांनी काही न बोलता पर्स या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली. याडीच्या बाजूच्या खांद्यावरनं. मी बघितलं, याडीने पण बघितलं. रिक्षात ती काही बोलली नाही, विजापूर रोडला लागलो तेव्हा फक्त एवढंच म्हणाली की बैल रिकामे होते. मला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, व्यापाऱ्याचे बैल होते तर पाठीवर गोण का नव्हती.

ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलंच नाही. तेव्हाच मंडळात येऊन बोलायला पाहिजे होतं ही माझी चूक, गणपतीत भांडण नको म्हणून गप्प बसलो. पण आता ऐकतोय की यंदा त्याचाच पुढचा भाग करायचा चाललाय, टोळी मोठी, घोडे तीन, आणि बजेट पण मोठं. म्हणून ते फायनल व्हायच्या आधी लिहितोय.

भावांनो, तुमच्या देखाव्यात ज्याला लुटतात तो काफिला म्हणजे आम्ही. टोळी नाही, काफिला. रेल्वे यायच्या आधी या दख्खनमध्ये माल नेणारे कोण होते? पगडीवाले शेठ छकड्यात बसून घाट उतरत नव्हते, त्या काळात बऱ्याच वाटांवर चाकाची गाडी जातच नव्हती. माल जायचा बैलाच्या पाठीवर, दोन्ही अंगाला लोंबणारी गोण टाकून, आणि ते बैल हाकायचा लमाण. कोकणातनं मीठ घाटावर आणायचं, घाटावरचं धान्य खाली न्यायचं. लमाण हा शब्दच लवण म्हणजे मीठ यावरनं आला असं सांगतात. आमच्यात त्या धंद्याला लदेणी म्हणतात, लादणं त्यातनंच. आणि तांडा म्हणजे आज तुम्ही वस्तीला म्हणता तो नाही, तांडा म्हणजे चालता काफिला. पुढं नायक, त्याच्या शब्दावर सगळा तांडा थांबणार आणि निघणार, पावसाळ्यात मुक्काम, पाऊस संपला की परत वाट.

सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या देशात फिरला, त्याने लिहून ठेवलंय की एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असायचे आणि अरुंद वाटेवर समोरासमोर आले तर बाकीच्या प्रवाशांना दोन-दोन तीन-तीन दिवस खोळंबून राहावं लागायचं. दहा हजार बैल! आपल्या सात रस्त्याला एक सिग्नल बंद पडला तर काय होतं ते आठवा आणि मग तो तांडा डोळ्यासमोर आणा, घुंगरांचा आवाज मैलभर आधी येत असेल. मुघलांची फौज दख्खनमध्ये उतरली तेव्हा तिच्यासोबत धान्य घेऊन भंगी आणि जंगी नायकांचे बैल आले, एक लाख ऐंशी हजार बैल होते असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 1803 च्या युद्धात इंग्रजांच्या वेलस्लीची फौज दख्खनमध्ये फिरली ती पण लमाणांच्या धान्यावर. फौज कुणाची का असेना, पोट लमाणाच्या गोणीवर चालायचं. म्हणून लढाई चालू असताना पण तांड्याला शक्यतो हात लावत नसत, तांडा लुटला तर उद्या आपल्यालाच दाणा आणणार कोण.

पण वाटमाऱ्यांना उद्याचं काही पडलेलं नसायचं. त्यामुळे तांडा आपली राखण आपणच करायचा आणि ही गोष्ट तुम्ही देखाव्यात दाखवली असती तर काय सीन झाला असता बघा. संध्याकाळी मुक्काम पडला की सगळ्या बैलांवरच्या गोणी उतरवायच्या आणि एकावर एक रचून गोल भिंत करायची. मिठाच्या, धान्याच्या गोणींची भिंत. आत बैल, बाया, पोरं, बाहेरच्या अंगाला कुत्री. आमची कुत्री म्हणजे उंच, अंगाने सडपातळ, अनोळखी माणसाला फिरकू न देणारी, आज पण काही तांड्यांवर तसली जात बघायला मिळते. पुरुषांकडे भाले, तलवारी, कुणाकडे बंदूक. रात्रभर आळीपाळीने जागता पहारा. आता अशा तांड्यावर टोळी चालून येते तो सीन डोळ्यासमोर आणा. अंधारात आधी कुत्री भुंकतात, मग एक बैल उठून उभा राहतो, त्याच्या गळ्यातली घंटा वाजते आणि नायकाला कळतं. तुमच्या देखाव्यात शेठ लोक हात वर करून रडत बसले होते. तांडा असा हात वर करणारा नव्हता.

आता तुमच्या सरदाराबद्दल. तुम्ही त्याला पेंढारी म्हणालात म्हणून पेंढाऱ्यांबद्दल सांगतो. पेंढारी ही जात नव्हती, धर्म पण नव्हता. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, फौजेतनं सुटलेले, गाव सोडून आलेले, सगळे. शिंदे-होळकरांच्या फौजांच्या मागं ते असायचे, पगार नाही, लुटीवर जगायचं. दसरा झाला की नद्यांचं पाणी उतरतं, मग निघायचे. तंबू नाही, सामानसुमान नाही, घोडा, भाला आणि वाटेत मिळेल ते खाणं. दिवसाला चाळीस-पन्नास मैल तोडायचे, पाठीवर फौज लागली तरी सापडायचे नाहीत. बेफाम म्हणाल तर बेफाम होतेच. पण ते बेफाम असणं ज्यांच्यावर कोसळलं त्यांचं काय झालं ते पण बघा की. 1816 साली ते तिकडं गुंटूरच्या भागात घुसले, साडेअकरा दिवसांत 339 गावं लुटली, 182 माणसं मारली, 505 जखमी आणि 3,603 लोकांचे हाल केले असा तेव्हाच्या चौकशीत आकडा आहे. हाल म्हणजे काय तर घोड्याच्या तोबऱ्यात, म्हणजे त्याला दाणा चारायच्या पिशवीत, गरम राख भरायची, तो तोबरा माणसाच्या तोंडाला बांधायचा आणि पाठीवर थापट्या मारायच्या म्हणजे श्वासासोबत राख आत जाईल. पैसे कुठं पुरलेत ते सांगेपर्यंत. हे वाचल्यावर मला तुमच्या सरदाराचं हसणं परत आठवलं आणि शिट्ट्या पण आठवल्या. पब्लिक कुणासाठी शिट्ट्या मारत होतं? मी पण एक मारली होती हे खरं सांगतो, उडी बघून.

आणि शेवटी त्या म्होरक्यांचं काय झालं हे ऐका, कारण माझ्या पत्राचं सगळं दुखणं इथंच आहे. 1817-18 मध्ये इंग्रजांनी चारी बाजूंनी फौजा लावल्या. चितू पेंढारी पळत पळत असीरगडच्या जंगलात शिरला, तिथं त्याला वाघाने मारलं. करीम खान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवला. आणि पेंढाऱ्यांना सोबत घेऊन मुलुख झोडपणारा अमीर खान, त्याच्याशी इंग्रजांनी 1817 ला तह केला आणि त्याला टोंकचा नवाब मानलं. नवाब! त्याच्या घराण्याकडे ते संस्थान भारत स्वतंत्र होईपर्यंत होतं. म्हणजे लुटणाऱ्या म्होरक्यांपैकी एकाला जमीन मिळाली, एकाला गादी मिळाली.

मग तांड्याला काय मिळालं? 1860 मध्ये आपल्या सोलापूरला रेल्वे आली. आपण सगळे त्या स्टेशनचा अभिमान बाळगतो, मी पण बाळगतो, त्या रेल्वेमुळे गिरण्या आल्या, गिरण्यांमुळे हे शहर झालं. पण जिथं जिथं रूळ पोचले तिथं तिथं बैलाच्या पाठीवरचं मीठ आणि धान्य डब्यात गेलं. त्यात मिठावर सरकारचा कर आणि मक्तेदारी. शेकडो वर्षं जो धंदा केला तो एका-दोन पिढीत गेला. गोणी रिकाम्या झाल्या, बैल विकले, तांडे रानात थांबले ते थांबलेच. आणि 1871 ला कायदा आला, गुन्हेगार जमातींचा. जन्माला आला की गुन्हेगार, काही केलं असो नसो. आधी तिकडं उत्तरेत लावला, मग 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात पण लागू झाला. ज्यांना एका जागी घर नाही, जे फिरतात, ते सगळे सरकारला संशयित. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथं संन्याशाच्या नातवंडांना पण फाशी. लुटारू नवाब झाला आणि लुटला जाणारा काफिला पोलिसांच्या रजिस्टरमध्ये गेला.

आणि हे सगळं आपल्या गावापासनं लांबचं नाही. सेटलमेंट म्हणून आपण ज्या भागाला रोज म्हणतो, रिक्षावाल्याला सांगतो "सेटलमेंटला सोड", त्या शब्दाचा अर्थ किती पोरांना माहितीय? इंग्रजांनी तारेचं कुंपण घालून जमातीच्या जमाती आत ठेवल्या होत्या. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, असे कितीतरी. आत हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि काम कुठं तर गिरणीत. ज्या गिरण्यांच्या भोंग्याबद्दल आपण हळवे होतो त्याच भोंग्यावर ही माणसं कुंपणातनं निघायची आणि कुंपणात परत जायची. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, हा कायदा देशभरातनं गेला 31 ऑगस्ट 1952 ला. पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा. म्हणून आमच्यात 31 ऑगस्टला विमुक्त दिन करतात. तुमच्या मंडळातले निम्मे कार्यकर्ते ज्या गल्ल्यांतनं येतात त्या कुंपणापासनं चालत दहा मिनिटांवर आहेत. आज महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती चौदा आहेत, बंजारा त्यातली एक. विमुक्त म्हणजे सोडलेले. सर्टिफिकेटवरच लिहिलेलं असतं की तुम्हाला कधीतरी धरलं होतं.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, का ओ काका, तुमच्यातले चोऱ्या करत नव्हते का? करत होते काही. धंदा गेल्यावर, पोटाला नसल्यावर काहींनी केल्या, काहींनी धंदा असतानाही केल्या असतील, मी आमच्या जातीला देव करायला बसलेलो नाही. हातभट्टीचं पण मला माहितीय, मुळेगाव तांड्याचं नाव काढलं की सोलापुरात लोक काय म्हणतात ते मी लहानपणापासनं ऐकतोय. पण 2021 ला सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं, नुसत्या धाडी न टाकता हातभट्टीवाल्या घरांना दुसरा रोजगार द्यायचा म्हणून अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतलं, तेव्हा किती घरांनी भट्ट्या सोडल्या ते पण याच सोलापूरने बघितलं. दुसरं काम मिळालं तर माणूस ते करतो. जे पोलिसांना कळलं ते आपल्या मंडळाला कळायला हरकत नाही.

देखावाच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, असं पण कुणी म्हणेल. त्याला मी फक्त राईनपाड्याची आठवण करून देतो. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतनं उतरले. मोबाईलवर अफवा फिरत होती, पोरं पळवणारी टोळी आलीय. टोळी हाच शब्द. त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोललं एवढं निमित्त झालं, जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेस्तोवर मारलं. पाचही गेले. आणि त्यातले बहुतेक कुठले होते माहितीय का, आपल्या मंगळवेढ्याकडचे. आपल्याच जिल्ह्यातनं पोटासाठी निघालेली माणसं होती ती. दबा धरून कोण बसलं होतं आणि काफिला कुणाचा होता, सांगा मला. त्या गावच्या लोकांनी त्यांना आधी कधीच बघितलेलं नव्हतं. पण टोळी कशी दिसते हे त्यांच्या डोक्यात आधीच पक्कं होतं, कपडे कसले, बोली कसली, खांद्यावर झोळी. हे चित्र डोक्यात कुठनं येतं? थोडं थोडं सगळीकडनं येतं. पेपरमध्ये चोर पकडला की हेडलाईनमध्ये जात येते, फक्त ठरावीक जातींची येते, बँक बुडवणाऱ्याची येत नाही. आणि थोडं आपल्या स्टेजवरनं येतं, तीनशे-चारशे माणूस प्रत्येक शोला, त्यात निम्मी लहान पोरं, पुढच्या ओळीत मांडी घालून बसलेली. मी त्या ताईंवर पण चिडलेलो नाही ज्यांनी पर्स सरकवली. बारा मिनिटं तुम्ही त्यांना तेच शिकवलं होतं.

मग मी काय मागतोय. माफी नको, पत्रक नको, मला तुमच्याविरुद्ध कुठं अर्ज पण द्यायचा नाही, काही जण म्हणत होते देऊया म्हणून, मी नको म्हणालो. देखावा बंद करा असं पण म्हणत नाही. उलट करा आणि चांगला करा. सरदार ठेवा, घोडे तीन काय पाच आणा, त्या पोराला परत सरदार करा, त्याच्या उड्या ठेवा, तो बेदरकार असू दे, बेफाम असू दे, भीती वाटली पाहिजे त्याची. फक्त त्याच्या माणसांच्या अंगावरचं फेटियाचं कापड काढा आणि त्यांच्या तोंडातले आमचे हेल काढा. पेंढारी म्हणायचं असेल तर पेंढारी दाखवा, भाला, साधा मुंडासा, घोड्याला लटकवलेला तोबरा. तो तोबरा दाखवाच, आणि तो कशासाठी वापरायचे ते व्हॉइस ओव्हरमध्ये एका वाक्यात सांगा, मग बघू शिट्ट्या येतात का.

आणि काफिला म्हणून तांडा दाखवा. छकडे नकोत, बैल आणा. दोनच मिळाले तरी चालतील पण पाठीवर गोण पाहिजे. बाकी बैल फ्लेक्सवर, मागं रांग दिसू दे लांबपर्यंत. गोणींची गोल भिंत रचा, पोत्यात भुसा भरला तरी बघणाऱ्याला भिंतच दिसेल. नायक उभा करा. बायका फेटिया-कांचळीत दाखवा, भिंतीच्या आतनं दगड मारणाऱ्या, पोरांना पोटाशी धरणाऱ्या, जसं कुणाची पण आई करेल. शेवट काय करायचा तो तुम्ही ठरवा, तांडा वाचतो का लुटला जातो, दोन्ही खरंच आहे, दोन्ही घडत होतं. मला त्यावर हट्ट नाही.

कपड्यांचं काम माझ्याकडे लागलं. खरा फेटिया कापायची गरज नाही, मी तुम्हाला टेरिकॉटमध्ये तसा बेत काढून देतो, कटिंगचे पैसे घेणार नाही, कारखान्यातली दोन पोरं रात्री बसायला तयार आहेत. आमच्या भागातल्या तीन-चार म्हाताऱ्या बायका आरसे कसे लावायचे ते तुमच्या बहिणींना शिकवायला येतो म्हणाल्यात. गोरबोलीतली चार वाक्यं लागतील ती पण देतो, खरी, आमच्या घरात बोलतात तशी. आणि तुमच्या लेझीमच्या पथकात आमच्या दोन पोरांना घ्या, चांगली खेळतात, गेल्या वर्षी ती विचारायला आली होती तेव्हा त्यांना जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं, कुणी पाठवलं ते मी इथं लिहीत नाही.

घरात आमच्याकडे एक गोष्ट आहे. माझ्या पणजोबाच्या बैलाच्या कपाळाला बांधायची पट्टी, लाल कापड, आता विटकरी झालंय, त्याच्यावर कवड्यांच्या तीन ओळी. मधल्या ओळीतल्या सात कवड्या पडल्यात, बाकी शाबूत आहे. बैल केव्हाच गेले, लदेणी तर त्याच्या पण आधी गेली, पण ही पट्टी याडी दरवर्षी दिवाळीला बाहेर काढते, पुसते आणि परत ट्रंकेत ठेवते. परवा तिला मी हे पत्र वाचून दाखवलं, तिला मराठी वाचता येत नाही पण कळतं सगळं. ऐकून झाल्यावर उठली, ट्रंक उघडली आणि ती पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाली पुढच्या बैलाला ही बांधा, पण परत आणून द्या.

रविवारी संध्याकाळी तुमची मीटिंग असते ना मंदिरामागं, मी येतो. ती पण येते म्हणाली. बसायला एक खुर्ची ठेवा, तिचे गुडघे दुखतात.

तुमचाच,
विजापूर रोडवरचा एक वर्गणीदार